रखवालदार आणि माझ्या नेवऱ्या

परवा गोव्यात, तुये गावच्या आमच्या घरी नातीने टीव्हीवर सिनेमा लावला. दूरच्या एका देशात खरंच झालेल्या वंशसंहाराचा. शेजारीच शेजाऱ्यांना शोधून मारताहेत आणि एक मुख्याध्यापिका पळून आलेल्यांना शाळेत लपवते आहे. फाटकावर बायकापोरांची गर्दी, मागून कोयते घेतलेली टोळी. आणि रखवालदार म्हणतो, थांबा, बाईंना विचारून येतो.

"अरे मेल्या, विचारतोस काय? उघड!" मी खुर्चीतून ओरडले.

नातीने सिनेमा थांबवला. तिला ती खोडच आहे. "आजी, तू असतीस तर उघडलं असतंस?"

"म्हणजे काय!" म्हणणार होते, तर मला रागच आला. तिचा नव्हे, एका बावीस वर्षांच्या शहाणीचा.

ती शहाणी म्हणजे मी. लग्नानंतरची दुसरी चवथ. गणपतीच्या नैवेद्याच्या नेवऱ्या, म्हणजे करंज्या, मी सोवळ्यात तळत होते. कुणी शिवलं तर परत आंघोळ. त्याच आठवड्यात पोरं पळवणारी बाई फिरते अशी आवई उठली होती. मागच्या दारी कांकणवाली आली, टोपली छातीशी धरून. घाटावरची. चार दिवसांपूर्वी तिनेच माझ्या हातात चवथीची कांकणं भरली होती.

"बाय, आत घे गो. माणसं मागे लागलीत."

आणि मी काय म्हणावं? "थांब हां, सोवळ्यात आहे. सासूबाईंना विचारून येते." वर झाऱ्यावरची नेवरी नीट निथळली, मगच गेले. काय ती शिस्त!

सासूबाई देवासमोर माटोळीला, गणपतीवर टांगलेल्या फळांच्या चौकटीला, सुपारीचे घोस बांधत होत्या. "अगो खुळ्या, माका विचारूक कित्याक इलंस? आधी तिका घरात घे!" हातातला घोस टाकून सोवळ्यातच धावल्या. मागच्या दारात नुसती फुटकी कांकणं. देवळासमोरच्या जमावातून त्यांनी तिला ओढून आणलं. ओठ फाटला होता. पाणी प्यायली, माझ्याकडे न बघता गेली, ती परत आमच्या वाड्यावर आलीच नाही.

"हे तू कधी सांगितलं नाहीस," नात म्हणाली. "त्या चवथीचं तर तू नेहमी सांगतेस."

सांगते ना. त्या वर्षी माझी एकही नेवरी तेलात फुटली नाही, हे सांगते.