नईमाचाचीचे पिवळे ठिपके

नईमाचाची,

तुला वाचता येत नव्हतं आणि तू जाऊन तीस वर्षं झाली. तरी लिहिते. परवा आमच्या शाळेत एक इंजिनियर आले होते, नदीचं पाणी मोजायची पट्टी मुलींना समजावून सांगत होते. मी मध्येच म्हणाले, "अकोल्यात हे काम एक रंगारीण करायची, साहेब. अंदाज चुकला तर तोही मांडून ठेवायची. तुम्ही ठेवता का?" ते हसले. मला हसू आलं नाही.

साठ वर्षांपूर्वी अमेरिकेत लढाई चालू होती, तिकडचा कापूस विलायतेला जाईना, म्हणून वऱ्हाडातल्या गाड्या खामगावच्या बाजाराकडे धावत होत्या. मोर्णा नदी ओलांडायच्या आमच्या उतारावर पूल नव्हता. शेजारीच तुझा घाट. तिथल्या काळ्या दगडावर तू तीन रेघा कोरून घेतल्यास: घोटा, गुडघा, कंबर. अक्षरशत्रू गाडीवानालाही पाणी किती ते कळावं.

पण रोज सकाळी तू पांढरं पागोटं पाण्यात बुडवून पिळायचीस, खरी मेख तिथे होती. त्यावर तांबूस झाक आली की वर, नदी उगम पावते त्या पातूरच्या डोंगरात पाऊस झाला. इथलं आभाळ कोरडं असलं तरी लोंढा येणार. मग ते पागोटं काठीवर टांगायचीस, म्हणजे उतार बंद. इशारा खरा ठरला की दगडाच्या माथ्यावर लाल ठिपका, चुकला की पिवळा. रंग पुसट झाला की आधी पिवळे गिरवायचीस.

इनायतुल्लाचाचा वैतागायचे, "पिवळे मिटू दे ना! लोकं हासतात."

"हासू दे. नुसते लाल ठेवले त ते फुशारकी झाली. मंग कोन भरोसा ठेवीन?"

त्या वर्षी दिवाळी सरताच माझे वडील किसनराव पहिल्या वेचणीचा सगळा कापूस भरून निघाले. बैलजोडी नवी. वर सात वर्षांची मी. उतारावर पाहतो तर पाणी घोट्याच्याही खाली, आभाळ स्वच्छ, आणि काठीवर तुझं पागोटं! पंधरा गाड्या अडलेल्या. सगळ्यात पुढे अडते खुशालराव.

"काहून वं, घोटाभर पान्यात का हत्ती बुडते? उद्या खामगावात भाव पडला त तू भरून देशीन?"

"भाव मले समजत नाई, भाऊ. पानी समजते."

"समजते म्हने! मंग हे पिवळे कायचे? एक, दोन, तीन, चार. चार डाव चुकली तू."

"मोजूनच राह्यला त लाल बी मोज ना बाप्पा. का चारच्या पुढं येत नाई?"

गाडीवान खदाखदा हसले. खुशालराव तापले, पण जातीचे अडते, मोजल्यावाचून राहवेना. लाल एकोणीस भरले. त्यांनी ठिपक्यांकडे पाहिलं, आपल्या बैलांकडे पाहिलं, आणि जू उतरवलं. "चार चुका न लपवनारी बाई एकोनीस खोटे कायले रंगवीन," एवढंच बोलले. मग वडिलांनीही बैल सोडले.

दुपार झाली. नदी होती तशीच.

"कालव आता पिवळा," खुशालराव म्हणाले.

"कालवूनच ठेवला हाय. दोन्ही." तुझ्यासमोर दोन वाट्या होत्या.

उन्हं कलली तेव्हा वरच्या वळणाकडून घरघर ऐकू आली. आख्खी बाभूळ वाहून आणत पाणी बघता बघता कमरेच्या रेघेवर चढलं. पंधराही गाड्या काठावर कोरड्या. वडील कितीतरी वेळ बैलांच्या मानेवर हात ठेवून उभे होते. तू लाल वाटीत बोट बुडवलंस, विसावा ठिपका दिलास आणि कपडे पिळायला बसलीस. कुणाकडे पाहिलंही नाहीस. असला ताठा मी पुढे मोठमोठ्या हुद्देदारांतही पाहिला नाही.

विधवा झाल्यावर मी पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात शिकले, मग तीस वर्षं शाळा चालवली. नापास मुलींचा आकडा कधी झाकला नाही. वरिष्ठ चिडले तर चिडोत. हे कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं.

माझी पहिली नेमणूक पातूरला झाली. निघताना तू म्हणालीस, "नदीचं ते टोक म्या कधी पायलं नाई. तिथली मूठभर माती आनजो. पागोट्यावरच्या रंगाशी लावून पायचं हाय मले."

मी हो म्हणाले. दोन वर्षं तिथे होते, दर सुट्टीला अकोल्याला येत होते. माती आणली नाही. हा माझा पिवळा ठिपका.