ताईचा डावा हात

पिपरी मेघेला ताईच्या मुलीचं लग्न होतं. अंगणात कासारीण बायकांच्या हातात हिरव्या बांगड्या भरत होती. ताईने फक्त उजवा हात पुढे केला.

"लेकीच्या लग्नात एक हात रिकामा काऊन वं?" मामीने सगळ्यांदेखत विचारलं.

मला संतापच आला. छातीच्या कॅन्सरच्या ऑपरेशनमध्ये ताईच्या डाव्या काखेतल्या लसिकाग्रंथी काढल्या होत्या. रक्तातून अंगात झिरपलेलं पाणी बारीक नळ्यांतून परत रक्तात जातं, आणि वाटेत या ग्रंथी त्यातले जंतू अडवतात. ती वाटच तुटली की पाणी हातात साचतं, हात सुजतो. म्हणून त्या हाताला घट्ट काही नको, काचेचा ओरखडासुद्धा नको, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. हे सगळं मी मामीला तावातावाने ऐकवलं. ऑपरेशनचं तिला ठाऊक होतं. हाताचं कुणी सांगितलंच नव्हतं. ती एवढीशी झाली.

ताई मात्र हसली. कासारणीला म्हणाली, "माह्या डाव्या हाताच्या बांगड्या मामीच्या हातात भरून दे."

मामीने हात पुढे केला. मग लग्न लागेपर्यंत तिने ताईची डावी बाजू सोडली नाही.