परब सर आणि रजेचा अर्ज

परब सर फळ्यावर आधी इमारत काढायचे. चार मजले, प्रत्येक मजल्यावर दोन बिऱ्हाडं, खाली वॉचमनची खुर्ची. मग एकेका दारावर पाटी लागायची. तळमजल्यावर महाकाव्य, कारण त्याला गुडघ्यांचा त्रास. दुसऱ्या मजल्यावर शोकांतिका आणि बरोबर तिच्या डोक्यावर प्रहसन, जे दिवसभर खुर्च्या सरकवतं. आत्मचरित्राने गॅलरी बंद करून खोली वाढवलेली, तीही सोसायटीची परवानगी न घेता. इंग्रजी एम.ए.चा साहित्यप्रकारांचा पेपर आम्ही मुलुंडच्या एका कॉलेजात दर रविवारी असा शिकलो. आम्ही म्हणजे दूरशिक्षणवाले: बँकेतले, शाळेतले, दोन गृहिणी, आणि पंचेचाळिसाव्या वर्षी पुन्हा बाकावर बसलेली मी, एका औषध कंपनीचं ऑफिस सांभाळणारी.

पहिल्याच रविवारी मी वहीत रकाने आखले: प्रकार, लक्षणं, उदाहरण, किती गुणांना येतो. सर मागे येऊन उभे राहिले. "हेडक्लार्क बाई, घाय कित्याक करतंस? आधी घर बघ, मगे सामान मोज." मूळचे मालवणकडचे, चिडवताना आणि समजावताना हमखास मालवणीत उतरायचे. रकाने त्यांना आवडले असावेत, कारण महिन्याभरात हजेरी, झेरॉक्स आणि शिकवायच्या राहिलेल्या भागांची यादी माझ्याकडे आली.

बिनप्रकाराचं त्यांना जगात काही दिसायचंच नाही. लिफ्ट बंद असल्याची नोटीस ही विलापिका. सोसायटीच्या वार्षिक सभेचं इतिवृत्त ही कादंबरी, आणि लग्नाचा बायोडेटा ही अद्भुतकथा. वर्ग हसायचा आणि परीक्षेत लक्षणं आपोआप आठवायची. इतकं चांगलं मला कुणी शिकवलेलं नाही. हे आधीच लिहून टाकते, कारण पुढचं लिहिताना ते लिहावंसं वाटणार नाही.

दुसऱ्या सत्रात सरांनी प्रत्येक प्रकारात एकेक पान लिहायला सांगितलं. इंग्रजीत अडलं तर मराठीत लिहा, पण खोटं लिहू नका, एवढीच अट. त्यासाठी प्रत्येकाची वेगळी वही होती. वहीच्या पहिल्या पानावर त्यांनी स्वतःच्या हाताने लिहून दिलं होतं: 'ही वही फक्त तुझी आणि माझी.' खाली सही.

विलापिकेच्या पानावर मी आईबद्दल लिहिलं, मराठीत. आई महापालिकेच्या शाळेत शिपाई होती. दहावी पास झाली असती तर क्लार्क होता आलं असतं. म्हणून भिशीला जाते असं सांगून ती दुपारची शिकवणीला जायची आणि हॉल तिकीट तुरीच्या डब्यात लपवायची. इंग्रजीत तीनदा नापास झाली, चौथ्यांदा फॉर्म भरला नाही. घरात कुणालाही पत्ता नव्हता. माझ्या लग्नाआधी आम्ही दोघी डबे घासत होतो, तेव्हा तिने हे मला सांगितलं आणि वर म्हणाली, तुझ्यापाशीच ठेव. शेवटच्या वेळी पेपरात मुख्याध्यापिकेला रजेचा अर्ज लिहायचा होता. वीस वर्षं दुसऱ्यांचे अर्ज मुख्याध्यापिकांच्या टेबलावर नेऊन ठेवणाऱ्या माझ्या आईने मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहिलं होतं: मला गुरुवारी रजा द्यावी. नाही दिली तरी चालेल, मी येईन.

सरांनी त्या पानाखाली लाल पेन्सिलने एकच शब्द लिहिला: 'पोचलं.'

वर्षाच्या शेवटी स्नेहसंमेलन होतं. तू शिकतेस ती जागा बघू दे म्हणून आई दोन आठवडे मागे लागली होती, म्हणून तिला घेऊन गेले. आम्ही दुसऱ्या रांगेत बसलो. सरांचं भाषण विनोदावर होतं. बोलता बोलता त्यांनी खिशातून कागद काढला आणि म्हणाले, आता एक अस्सल विनोदिका ऐका, लिहिणाऱ्याचं नाव सांगत नाही. पहिलंच वाक्य माझं होतं. वही तपासायला त्यांच्याकडेच होती.

सर वाचायचे सुरेख. शिपाईणबाईंची लगबग, भिशीची थाप, प्रत्येक थांबा नेमका. हॉल हसत होता. आईही हसली. तुरीचा डबा आला तेव्हा ती हसायची थांबली. मग रजेचा अर्ज आला. सगळा हॉल खिदळला, मागून कुणीतरी "झकास, सर" म्हणून ओरडलं. आईने मांडीवरच्या पर्सची चेन लावली, उघडली, पुन्हा लावली.

चहाच्या वेळी सर आपणहून आमच्यापाशी आले. आईनेच हात जोडले. "छान वाचता तुम्ही," एवढंच म्हणाली. सर खूश झाले.

पुढच्या रविवारी वर्गाआधी मी सरांना गाठलं. बोलायचे मुद्दे चिठ्ठीवर लिहून नेले होते. त्या दिवशी माझ्याबरोबर होती ती माझी आईच, हे सांगितल्यावर त्यांचा चेहरा उतरला, पण दोन क्षणच.

"नाव घेतलंय मी?"

"सर, मी विलापिका लिहिली होती."

"हॉल हसलो मां? मगे ती विनोदिका. लिहिणाऱ्याच्या हातात काय नसता, बाय माझे."

मी म्हटलं, हे घरी येऊन आईला समजावून सांगा. येतो म्हणाले. वार ठरला, वेळ ठरली. त्या दिवशी मी ऑफिसातून लवकर निघाले, पोहे भिजवले. सर आले नाहीत, फोनही नाही. मी वर्गाला जाणं बंद केलं. हजेरीचा कागद, वर्गाची किल्ली, झेरॉक्सची फाइल दुसऱ्या कुणाकडे सोपवली. वही मागितली नाही. परीक्षा घरी अभ्यास करून दिली, आणि सगळ्यात जास्त गुण त्याच पेपरात मिळाले.

त्या दिवसानंतर आई मला काही सांगेनाशी झाली. तिच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरल्याचं मला वहिनीकडून कळलं. अशा प्रत्येक वेळी मी मनात सरांच्याच नावाने बोटं मोडली.

गेल्या महिन्यात सर गेले. आमच्या वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फोटो आला, खाली आठवणींची रांग लागली. मी काहीच लिहिलं नाही. संध्याकाळी आईकडे गेले होते, तिला सांगितलं. ती शेंगा सोलत होती. "वाचायचे छान," म्हणाली.

मला राहवलं नाही. म्हटलं, आई, त्या माणसाने विश्वासघात केला आपला, आणि तू अजून त्याच्या वाचनाचं कौतुक करतेस.

आईने हातातली शेंग खाली ठेवली.

"त्यांना मी कुठे काय सांगितलं होतं गं? मी तुला सांगितलं होतं."