काहूनबाईंची हजेरी

काहूनबाई हसल्या की आमच्या शाळेच्या पत्र्यावरची कबुतरं उडायची. त्या पुण्याहून आल्या होत्या, माणसांच्या राहणीचा अभ्यास करायला. गोरेगाव नावाच्या खेड्याजवळच्या आमच्या शाळेत कोण कुणाशेजारी बसतं, दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेल्यांच्या लेकरांच्या शिक्षणाचं काय होतं, असलं काहीबाही त्या विचारत. ‘का’ऐवजी म्हणायचा इकडचा ‘काहून’ त्यांना इतका आवडला, की चहात साखर घातली तरी म्हणायच्या, “काहून?” नाव पोरांनीच ठेवलं.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला गाठलं. “गुरुजी, तांड्यावरची लेकरं सगळी मागंच काहून?”

“दिवाळीनंतर जातातच ती. पुढं बसवली तर पुढची जागा मोकळी दिसते,” मी बोलून गेलो आणि माझेच कान तापले.

बाई रागावल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मागच्या ओळीत, तांड्यावरच्या कविताशेजारी मांडी घालून बसल्या. सतराचा पाढा चुकल्या. कवितानं दुरुस्त केल्यावर अशा खदखदून हसल्या, की काय गंमत आहे ते बघायला पुढची ओळ उठून मागं पळाली. कोण कुणाच्या मांडीवर, पत्ता नाही! वर्गाचं पार रिंगण झालं आणि मधोमध मी, खडू हातात घेऊन, सर्कशीतल्या अस्वलासारखा.

दिवाळी सरली. तांड्यावर ट्रॉली भरली. भांडी, शेळ्या, लेकरं आणि सगळ्यांच्या वर काहूनबाई! “अभ्यास अर्धा टाकू काहून?” असं ओरडत निघाल्या. गावातली पोरं पहिल्यांदाच तांड्यावर निरोपाला आलेली. ती ट्रॉलीमागं धावत सुटली.

काही दिवसांनी मी हजेरीपट उघडला. दरवर्षीप्रमाणे त्या नावांवर लाल रेघ ओढणार, तोच फोन वाजला. पडद्यावर ऊस, उसात बाई.

“गुरुजी, हजेरी घ्या!”

“कविता?” मी बावचळून पुकारलं.

“हजर, गुरुजी!”

वर्गात असा कल्ला उसळला, की शेजारच्या वर्गातल्या बाई धावत आल्या. मी लाल पेन खिशात घातला. मग रोज हजेरी, पाढे, धडा. रेंजसाठी कविताचा बाप ट्रॅक्टरच्या टपावर फोन धरून उभा राहायचा आणि तिथूनच पाढे म्हणायचा.

उन्हाळ्यात बाई पुण्याला परतल्या. जीपमध्ये बसताना हसायला गेल्या आणि रडल्या.

यंदा उसाच्या फडावर बाई नाहीत. परवा मला वर्गावर यायला उशीर झाला, तर फोनमधून कविताचा बाप गरजला, “गुरुजी, आमची लेकरं हजर हायेत. तुमीच कुठं हायेत?”