नुसते ओले लंगोट

लॉन्ड्रीतली मावशी इस्त्रीला घ्यायचा प्रत्येक कपडा आधी गालाला लावून बघायची. तेवढ्यानं तिला त्यातली ओल कळे. गिऱ्हाइकं चिडवत, "मावशी, इस्त्री करता की लाड?"

"ते तुमच्यापेक्षा कमी कटकट करतात," ती म्हणे.

लेक कारखान्यात गेली की आठ महिन्यांचा नातू, भोपळ्या, मावशीजवळच असे. टॉवेलांच्या गठ्ठ्यांमागे, टोपलीत. कालपासून त्याला जुलाब होत होते. दूध पाजलं की ओकत होता. मावशी लंगोट बदलून सवयीप्रमाणे निवडून ठेवायची: डागाचे एका बादलीत, नुसते ओले दुसरीत. आज दुसरी बादलीच भरत चालली होती.

"जुलाब कमी झालेत, शू चांगली होतेय," तिनं लेकीला फोनवर सांगितलं. "उगाच जिवाला घोर लावून घेऊ नकोस."

दुपारी तो रडायचा थांबला. मावशीला हायसं वाटलं. "दमला गं माझा राजा," म्हणत तिनं पंखा त्याच्याकडे वळवला.

जेवणाच्या सुट्टीत लेक तरीही आलीच. तिनं उचललं तशी त्याची मान कलंडली. डोळे खोल गेले होते. टाळू आत दबली होती.

"आई, हा माझ्याकडे बघत का नाही?"

दवाखान्यात नर्सनं त्याच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. ती जागेवर बसायला वेळ लागला.

"शू कधी केली?"

"आत्ताच की! हा बघा, ओला आहे." मावशीनं लंगोट पुढे केला.

नर्सनं तो उजेडात धरला, हुंगला. "ही शू नाही, मावशी. जुलाबच आहे. इतका पातळ, की डागही पडत नाही."

मावशीच्या डोळ्यांपुढे ती भरलेली बादली आली.

डॉक्टर शीर शोधत होते. एक हात, दुसरा हात, मग पाऊल. लेक त्याचा पाय धरून उभी होती. सुई टोचल्यावर भोपळ्यानं तोंड उघडलं. रडणं जेमतेम बाहेर आलं. मावशीनं रुमालानं त्याचे डोळे पुसले. मग तो रुमाल स्वतःच्या गालाला लावला.

कोरडा होता.

अखेर सलाईन सुरू झालं. "आता काय करायचं?" लेकीनं विचारलं.

"शू होईपर्यंत वाट बघायची," नर्स म्हणाली.

मावशीनं त्याच्याखालच्या कापडावर हात सरकवला. थोड्या वेळानं पुन्हा. मग पुन्हा.

"मावशी, हात काढा. सुई हलेल."

तिनं हात काढून मांडीवर ठेवला. त्या हाताचं काय करावं, तिला कळेना.