मुलाखतीत निवड, यादीत नाव नाही

मंडळी, आज सकाळची गोष्ट सांगते, कारण त्यात चूक माझी आहे.

मी कोथरूडला बारावीच्या गणिताची शिकवणी घेते. माझी विद्यार्थिनी सायली खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीसाठी, म्हणजे एनडीएसाठी, दोन वर्षं तयारी करत होती. लेखी परीक्षा जेमतेम पास झाली. मग लष्करी अधिकाऱ्यांनी घेतलेल्या पाच दिवसांच्या मुलाखतीत निवड झाली, वैद्यकीय तपासणीही पार पडली. घरच्यांनी पेढे वाटले. अंतिम यादीत मात्र तिचं नाव नव्हतं. काल गुणही कळले.

आज ती वडिलांना घेऊन आली. ते चाकणला कारखान्यात काम करतात.

"मॅडम, साहेबांनी पाच दिवस पारखून हो म्हटलं. मग अडलं कुठं?" त्यांनी विचारलं.

उत्तर सायलीनंच दिलं. "बाबा, यादीत लेखीचे गुणही धरतात. मला गणितात कमी पडले."

"लेखी नुसती पास हो, खरी कसोटी मुलाखतीत," हे मीच तिला सांगितलं होतं, नियम न वाचता. आता वयामुळे तिला ही परीक्षा पुन्हा देता येणार नाही.

मी दोघांची माफी मागितली. सायली म्हणाली, "पदवीनंतरची लष्कराची परीक्षा देईन, मॅडम. पण नव्या मुलींना हे आजच सांगा."

दहा वाजताच्या बॅचला सगळं सांगितलं.

तुमच्या घरात कुणी तयारी करत असेल, तर शिक्षकांना एकदा विचाराल का, "हा नियम तुम्ही स्वतः वाचलाय ना?"