पासवर्डमधली भाजी आणि आईची चार नावं

एका रविवारी सकाळी, साडेनऊ ते सव्वादहा या वेळात, मी आमच्या घरच्या ई-मेलची सुरक्षा इतकी वाढवली की पुढच्या शनिवारी आम्हालाच आत जाता येईना.

तेव्हा आम्ही वर्तकनगरला राहत होतो. कॉम्प्युटर नुकताच आला होता आणि त्याच्यावरच्या भिंतीला माझी यादी डकवलेली होती. चप्पल घालून जवळ यायचं नाही. वीज कडाडली की प्लग काढायचा. काही अडलं तर आधी मशीन बंद करून पुन्हा चालू करायचं, मग आरडाओरडा. अनोळखी माणसाच्या पत्राला जोडलेली फाइल उघडायची नाही. ई-मेल फक्त शनिवारी दुपारी बघायची. (हा नियम मोडला की फोन तासभर अडकायचा, कारण इंटरनेट फोनच्याच तारेतून यायचं.)

आमच्या मानसीला स्वतःचं ई-मेल खातं हवं होतं. मी म्हटलं, "एका घराला एक पत्रपेटी पुरते." मग तिनं एका कंपनीत कॉम्प्युटर विभागातल्या जागेसाठी अर्ज केला, आणि जाहिरातीत लिहिलेलं की मुलाखतीचं पत्र फक्त ई-मेलनं येईल, मुलाखती सोमवारी. म्हणजे पत्र माझ्या पत्रपेटीत येणार होतं.

नेमक्या त्याच आठवड्यात मी कॉम्प्युटरविषयक सल्ल्यांचं एक सदर वाचलं. पासवर्ड बदलत राहा, स्वतःचं नाव किंवा वाढदिवस ठेवू नका, आणि मुख्य म्हणजे कुठेही लिहून ठेवू नका. मी वाण्याच्या यादीचीही नक्कल ठेवणारी बाई. तरी त्या रविवारी आयुष्यात प्रथमच एक गोष्ट कुठेही न लिहिता केली, आणि दिवसभर स्वतःवर खूश होते.

शनिवारी हाफ डे करून आले, जेवले, बसले. पासवर्ड टाकला. चुकीचा. पुन्हा टाकला. चुकीचा.

"त्यात एक भाजी होती," मी म्हटलं. "आणि एक आकडा."

"कुठली भाजी?" मानसीनं विचारलं. तिचा आवाज शांत होता, म्हणून मला जास्त भीती वाटली.

"कोणाला सुचणार नाही अशी."

"पडवळ," हे पेपरातून डोकं न काढता म्हणाले. "मला आजवर कधी सुचलेलं नाही."

पडवळ झालं, सुरण झालं, घोसाळी झाली. अख्खी मंडई संपली, आणि कॉम्प्युटरनं सांगितलं, आता पुरे. यापुढे फक्त गुप्त प्रश्नाचं उत्तर चालेल, तेही तीनच वेळा.

गुप्त प्रश्न होता, तुमच्या आईचं लग्नाआधीचं नाव काय.

"हे सोपंय," म्हणत मी आईच्या माहेरचं आडनाव टाकलं. चूक. मामा तिला इंदू म्हणायचा, ते टाकलं. चूक. एकच संधी उरली.

"अहो, खातं उघडलं तेव्हा टाइप तुम्ही केलेलं ना?"

"मी फक्त बटणं दाबली. दिवाळीत तुझी आई बाजूला बसलेली, तिनं सांगितलं, मी दाबलं. सासूबाईंचं नाव लक्षात ठेवायचं असतं हे मला कोणी सांगितलं नाही."

मानसी नखं कुरतडत होती. "आई, आजीला फोन कर. आधी इंटरनेट काढ."

आई शहाडला राहायची. तिच्याकडे फोन नव्हता, शेजारच्या म्हात्रेकाकूंकडे होता. काकूंनी आईला हाक मारली, ती गॅलरीतून चालत आली, खुर्चीवर टेकली, एवढ्यात माझं वय दोन वर्षांनी वाढलं.

"आई, दिवाळीत कॉम्प्युटरला तुझं आधीचं नाव सांगितलेलंस, ते कुठलं?"

"फोनवर नाही सांगायचं."

"अगं, मी विचारतेय!"

"तूच फोनची वेगळी यादी करून दिलीस ना मला? पाच नंबरला लिहिलंयस, फोनवर कोणी नाव-गाव विचारलं तर सांगायचं नाही."

"मी तुझी मुलगी आहे."

"ते सहा नंबरला आहे. नातेवाईक आहे असं सांगतील."

मी मानसीकडे पाहिलं. मानसी छताकडे पाहत होती.

"बरं," आई म्हणाली, "गुरुवारी मी तुला डब्यात काय दिलं?"

"अळूवड्या."

"किती?"

"आठ. त्यातल्या दोन तुटलेल्या."

"तुटलेल्या नव्हत्या, सुटलेल्या होत्या. बोल."

मग कळलं ते असं. आईचं पाळण्यातलं नाव द्वारका. शाळेत घालताना मास्तरांनी परस्पर विमल लिहिलं. लग्नात बाबांनी ताटातल्या तांदळावर सुनीता लिहिलं, पण मोठ्या जाऊबाई आधीच सुनीता निघाल्या, म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा तांदूळ पसरून सुमन केलं. मी पन्नाशीला टेकले होते आणि मला यातलं फक्त शेवटचं नाव माहीत होतं. इंदू हे मामाला लहानपणी नीट बोलता येत नव्हतं त्याचं फळ.

"मग कॉम्प्युटरला कुठलं सांगितलंस?"

आईनं आवाज इतका खाली नेला की मला काहीच ऐकू आलं नाही.

"काय म्हणालीस?"

पलीकडून म्हात्रेकाकूंचा खणखणीत आवाज आला. "अवो ताई, त्या म्हनतात, जावई समोर बसलेला, त्याच्यासमोर द्वारका कशी सांगू? विमल सांगितलं! आनि मला इतकी वर्सं शेजारी राहून म्हाईत नाय यांचं नाव द्वारका!"

मागे गॅलरीत दोनतीन बायका "द्वारका?" म्हणाल्या. माझ्या खात्याचं गुप्त उत्तर आता शहाडच्या अख्ख्या मजल्याला ठाऊक होतं.

फोन ठेवला, इंटरनेट जोडलं. मोडेमनं नेहमीसारखा गळा काढला. ह्यांनी पेपर बाजूला ठेवला. मी एकेक अक्षर दाबलं, मानसीनं ते तपासलं, आणि बटण तिनंच दाबलं. मी डोळे मिटले होते.

"उघडलं," ती म्हणाली.

कंपनीची दोन पत्रं होती. पहिलं शुक्रवारचं, सोमवारी सकाळी दहा वाजता या. दुसरं तासाभरापूर्वीचं. तुमचं उत्तर नाही, दुपारपासून तुमचा फोन सतत व्यस्त आहे, संध्याकाळी सहापर्यंत कळवलं नाही तर ही वेळ दुसऱ्या उमेदवाराला देऊ.

सहाला दहा कमी होते. मानसीनं दोन ओळी लिहून पाठवल्या. आम्ही तिघंही पडद्याकडे बघत राहिलो. पाच मिनिटांत उत्तर आलं, ठीक आहे, या. ह्यांनी उठून स्वतः चहा टाकला, यावरून प्रसंग किती गंभीर होता ते समजावं.

सोमवारी मानसी मुलाखतीहून हसत आली. तिथे प्रत्येकाला विचारलं होतं, कॉम्प्युटरमधल्या माहितीला सगळ्यात मोठा धोका कोणाचा? आधीच्या मुलांनी व्हायरस सांगितला, चोर सांगितले. हिनं सांगितलं, "घरातल्या शिस्तीच्या माणसाचा," आणि आमचा अख्खा शनिवार अळूवड्यांसकट त्यांना ऐकवला. त्यांच्यातले एक वयस्कर साहेब चष्मा काढून डोळे पुसत होते म्हणे.

नोकरी मिळाली. नेमणुकीचं पत्र तिच्या स्वतःच्या नव्या खात्यावर आलं. तिनं प्रिंट काढून मला दिलं, मी त्याची रीतसर फाइल केली आणि वर विषय लिहिला, "मानसी, नोकरी". दुसऱ्या दिवशी बघते तर खाली ह्यांच्या अक्षरात कंसात लिहिलेलं होतं, "आईच्या कृपेने". खोडायला रबर घेतलं, पण खोडण्यासाठी एकही मुद्दा मला सापडला नाही.